सातला दहा कमी

१

“मधू रंऽऽ!”

हाक आली आणि सुभेदार लालासाहेबांचा पाय गल्लीतच थबकला. सव्वीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. काहीही घडलं की हात आधी मनगटाकडं जायचा. नऊ वाजून वीस मिनिटं.

“आत्याबाईंचा आवाज!” अंबूआजीची सून बनाकाकी म्हणाली आणि पदर सावरत धावत सुटली. तिच्या मागं सुभेदारांची नात चारू, चारूच्या मागं काठी टेकत स्वतः आजोबा.

आवाज अंबूआजीचाच होता. पण महिनाभर अंथरुणाला खिळलेली, आता पाणी मागायचं तरी नुसते ओठ हलवणारी म्हातारी एवढी खणखणीत हाक मारते कशी? नऊ वाजता तिचा श्वास लागला म्हणून तर बनाकाकी सुभेदारांना बोलवायला आली होती. आता सुभेदार फेटा बांधल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत, त्यात पाव तास गेला. तो पाव तास चारूला पुढं कितीतरी दिवस दाताखाली खड्यासारखा लागत राहिला.

माजघरात शिरल्या शिरल्या बनाकाकी मटकन खाली बसली.

अंबूआजी गेली होती. डोळे उघडे, मान मागच्या दाराकडं वळलेली, आणि ओठांवर चक्क हसू. उजवा हात वाकळेबाहेर पुढं केलेला, तळवा उघडा, कुणाला काहीतरी द्यावं तसा.

आजोबांनी फेटा काढला. डोळे मिटवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“बना, माळ कुठाय?”

पुतळ्यांची माळ. सोन्याच्या एकवीस पुतळ्या. अख्ख्या कुंडल गावात कुणाला विचारा, अंबूबाईच्या गळ्यात ती नाही असा दिवस कुणी बघितला नव्हता. आणि आता गळा मोकळा! ओरखडा नाही, लाल वळ नाही, काही नाही.

मागचं दार वीतभर उघडं होतं. दारापासून थेट ऊस. वारा नव्हता, तरी बांधाकडेचा एक पाला हळूहळू हलत होता.

२

आता ह्या हाकेला उत्तर द्यायला मधू होता कुठं? आभाळात!

अंबूआजीचा एकुलता मुलगा मधू इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात पाक शिजवायचं काम शिकला. उसाच्या रसाची साखर कधी व्हायची हे नुसत्या बोटाला लावून सांगायचा. तिकडं आफ्रिकेत नवे कारखाने उभे राहत होते, अशा हाताला मागणी होती. सत्तर साली तो मुंबईहून बोटीनं तिकडं, नैरोबीला गेला आणि चार वर्षं आला नाही. घरात उरल्या अंबूआजी, जत तालुक्यातनं लग्न होऊन आलेली बनाकाकी, आणि आकाराम. हा मधूचा चुलतभाऊ. लहानपणी आईबाप गेले, तेव्हापासून अंबूआजीच्याच हाताखाली वाढलेला.

अंबूआजीला अक्षर येत नव्हतं. तिची पत्रं लिहायची चारू आणि वाचायचीही चारूच. नववीतली पोरगी, पण पत्र वाचताना अशी बसायची की जणू रेडिओवरून बातम्या देते आहे.

“त्ये नैरोबी हाय तरी किती लांब गं? साताऱ्याच्या फुडं?” अंबूआजीनं एकदा विचारलं होतं.

“आजी, सातारा कुठला! साताऱ्याला पन्नासदा गेलं तर एकदा नैरोबी.”

म्हातारीचा चेहरा असा पडला की चारूला स्वतःच्या जिभेचा राग आला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पृथ्वीगोलावर तिनं मुंबईवर लाल धाग्याचं एक टोक धरलं, समुद्रावरनं ताणत नैरोबीला टेकवलं आणि कचकन तोडलं. तो तुकडा आणून आजीच्या हातात दिला. “हे घ्या. एवढंच आहे. साडेचार हजार किलोमीटर.”

आजीनं तो बोटांवर मापला. सहा बोटं भरला. “आन् इमानाला किती येळ?”

“सहा तास.”

“म्हंजे बोटाला एक तास,” आजी म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच मनापासून हसली. तो धागा तिनं माळेच्या फाशाला गुंडाळून ठेवला. त्यानंतर वर विमानाची घरघर आली की ती अंगणात येऊन हात वर करायची आणि दुसऱ्या हातानं धागा चाचपायची.

जानेवारीत तिनं अंथरूण धरलं. चारूनं पत्र लिहिलं. उत्तर आलं ते आजीचं अंथरूण अंगणात आणून सगळ्यांच्या देखत वाचलं गेलं: ‘आई, आता बोटीनं नाही, विमानानं येतो. सोमवारी रात्री दीडला विमान उठतं. सहा तासांचा रस्ता. म्हणजे साडेसातला मी मुंबईच्या मातीवर. बनाला बरोबर न्यायचे कागद झाले आहेत.’

“तवा मी माझ्या हातानं माळ तिच्या गळ्यात घालीन, मग खुशाल जा दोगं,” अंबूआजी म्हणाली. बनाकाकी लाजून आत पळाली. सांगलीच्या मावशीकडं जायचं म्हटलं तरी कावरीबावरी होणारी बाई, तिला एकदम आफ्रिका! आणि आकाराम म्हणाला, “मी जातो त्याला आणाय. सोमवारी सांच्याला किर्लोस्करवाडीहून गाडी धरतो.”

तो गेला सोमवारी. आणि मंगळवारी नऊ वीसला ही हाक.

३

बुधवारी सकाळी चारू उठली तर मधुकाका आलेला होता. मुंबईहून एकटाच एस.टी. बदलत बदलत रात्री उशिरा पोचला होता. त्याच्यासाठी थांबवून ठेवलेली आई त्याला हसऱ्या तोंडाची मिळाली, आणि तेच त्याला सोसवेना.

नदीकाठी सगळं आटपलं. आजोबा घड्याळात बघून म्हणाले, “दहा वाजले. चला, घराकडं फिरूया.”

मधुकाकानं सवयीनं मनगट बघितलं. “माझ्यात साडेसातच हायत. बंद पडलं वाटतं.” त्यानं ते कानाला लावलं. टिकटिक चालू होती. “पडू दे मागं,” असं पुटपुटून त्यानं हात खाली सोडला.

दुपारी आकाराम परतला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. “आरं मधू, गड्या, तुला किती हुडकलं! साडेसातला इमान उतरलं तवा मी जाळीलाच नाक लावून हुतो. उन्हं नुकती निघालेली, शिडीची लांबच लांब सावली पडलेली. तू उतरताना दिसलास, हाक मारली. मग त्या गर्दीत कुठं गडप झालास, दिसलाच न्हाईस. रातभर तिथंच फिरलो.”

“साडेसात बरोबर,” मधुकाका खालमानेनं म्हणाला. “उतरलो तवा मी पण घड्याळ बघितलं हुतं. डोळ्यावर उन्हाची तिरीप, डांबर तापलेलं, लोकं लोकांवर पडत हुती. मला काय, कुणीच दिसलं न्हाई.”

मग मनगटावरचं घड्याळ चाचपत तो म्हणाला, “एक सांगू? हसू नका. इमानात डोळा लागला हुता. खाली निस्तं पाणी. आन् आईनं हाक मारली. ‘मधू रं.’ अगदी कानाशी. मी दचकून उठलो, शेजारचा माणूस पण माझ्याकडं बघाय लागला. घड्याळात सातला दहा कमी हुते.”

माजघरात समईची वात तेवढी तडतडली.

“सातला दहा कमी?” सुलाबाई म्हणाल्या. त्या अंबूआजीच्या नणंद, पलीकडच्याच घरात राहायच्या. “आवं, तवा मी वहिनीला चमच्यानं च्या पाजत हुते! लालासाहेबांनी हाक ऐकली नऊ वीसला. तुला सपान पडलं, लेकरा.”

मधुकाकानं मान आणखी खाली घातली. ते बघून चारूला वाटलं, सपान तर सपान, तेही ह्यांनी त्याच्यापाशी ठेवलं नाही.

“आन् माळेचं काय?” सुलाबाई थांबायच्या होत्या कुठं! “घरात कोन हुतं? बनी. सुभेदाराकडं गेली कोन? बनी. काढली, लपवली आन् मग बोंबलत गेली. जतचं पाणी हाय त्ये. तेराव्याला हिच्या भावाला बोलवा आन् लावून द्या. माळ मिळंस्तवर ह्या घरात पाय न्हाई ठेवायचा तिनं.”

बनाकाकी दाराआड उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडं बघितलं.

आणि चारूनं त्याच क्षणी ठरवलं. तेराव्याच्या आत ही माळ मी हुडकणार. मी! नववी ‘ब’!

४

पहिल्या सुलाबाई. चारू ताक मागायचं निमित्त काढून गेली.

“सुलाआजी, मंगळवारी नऊला तुम्ही कुठं होता हो?”

“का गं? फौजदार झालीस व्हय?”

“नाही, पत्रात लिहायचंय मावशीला. सगळं नीट लिहावं लागतं.”

“लिही मग. मी चुलीफुडं हुते. भाकरी तव्यावर हुती. हाक ऐकली तशी भाकरी टाकून पळाले, ती जळली. शेजारनीला इचार, वास तिच्या घरात गेला हुता.” विचारलं. गेला होता. शिवाय सुलाबाईंचे गुडघे असे की उसाच्या सरीतनं धावणं त्यांच्या बापजन्मात शक्य नव्हतं.

मग तात्याबा. हा म्हातारा मेंढरं राखायचा आणि सकाळचं कोवळं ऊन खात उसाच्या बांधावर बसायचा. अंबूआजीचं मागचं दार तिथनं लांबून पण सरळ दिसायचं.

“तात्याबा, त्या दिवशी मागच्या दारानं कुणी आलं होतं?”

तात्याबानं इकडं तिकडं बघितलं. मग चारूच्या कानाशी तोंड आणलं. तोंडाला तंबाखूचा वास. “सांगू नगंस कुनाला. आलता.”

“कोण?”

“मधू.”

चारूनं वळून मागच्या दाराकडं बघितलं.

“उसातनं आला, पाठमोरा. मी वळखलं की! डावा खांदा खाली टाकून चालायची त्याची रीत. आत गेला, म्हातारीनं हाक मारली, आन् परत उसात गेला. मी म्हनलं, पोरगा आला बरं झालं. आन् मग कळलं का त्यो तवा ममईत हुता.” तात्याबानं उसाकडं बोट केलं. “पोरी, म्हातारीनं वढून आनला त्याचा जीव फुडं. शरीर मागनं आलं.”

ही गोष्ट चारूनं कुणाला सांगितली नाही, पण अशा गोष्टींना पाय फुटतात. दोन दिवसांत गावभर झालं. माळ मधूचं भूत घेऊन गेलं म्हणे! बायका सकाळी नऊच्या सुमाराला त्या गल्लीनं पाण्याला जायच्या बंद झाल्या. कुणी म्हणालं, बरोबर नऊ वीसला अजून हाक येते. चारू मुद्दाम जाऊन दाराशी डोळे मिटून उभी राहिली. हाक आली नाही. पण मागचं दार करकरलं आणि तिनं डोळे उघडून बघितलं तर दारात आकाराम उभा होता, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, आत न येता. नुसता अंथरुणाच्या रिकाम्या जागेकडं बघत.

“काका, काही हवंय का?”

तो एवढा दचकला की चौकट धरून उभा राहिला. “न्हाई. हितं... कुनी काय बोललं का गं आत्ता?”

“नाही.”

“बरं,” म्हणाला, आणि उसाकडं निघून गेला.

५

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, चारू शाळेला निघाली. मधुकाका पायरीवर बसला होता.

“काका, किती वाजले?”

त्यानं मनगट बघितलं. “साडेआठ.”

आणि त्याच क्षणाला शाळेची घंटा झाली. टण टण टण!

“अहो काका, अकराची घंटा आहे ही! तुमचं घड्याळ गेलं कामातनं.”

“मागं पडतंय,” तो म्हणाला. “चावी देतो रोज. काटं फिरवावं असं वाटत न्हाई.”

चारू धावत सुटली. दप्तर पाठीवर आपटतंय, वेणी सुटलीय, आणि डोक्यात तिसरंच काहीतरी. वडाच्या वळणावर ती खाडकन थांबली.

मागं पडणारं घड्याळ रोज थोडं थोडं मागं पडतं. आजोबांचं जुनं घड्याळ आठवड्याला पाच मिनिटं मागं पडायचं, दोन आठवड्यांनी दहा. आणि हे? नदीकाठी दहा वाजले तेव्हा ह्याच्यात साडेसात. आज नऊ दिवसांनी अकरा वाजले तेव्हा साडेआठ. तेव्हाही अडीच तास. आत्ताही अडीच तास. ना मिनिट इकडं, ना मिनिट तिकडं!

हे घड्याळ मागं पडलेलंच नाही. हे दुसरीकडचं बरोबर घड्याळ आहे.

उशीर झाला म्हणून शरयूबाईंनी तिला भूगोलाच्या तासाला उभं केलं. शरयूबाई वाईच्या. बोलणं मऊ, शिक्षा कडक. चारू उभ्या उभ्याच म्हणाली, “बाई, एक विचारू? नैरोबीत आत्ता किती वाजले असतील?”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गोल पुढं ओढला आणि बॅटरी पेटवली. “हा सूर्य. गोल असा पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरतो. आधी उजेड कुणाला?”

“आपल्याला.”

“मग आपल्याकडं ऊन डोक्यावर यायला लागतं तेव्हा नैरोबीला?”

“सकाळच.”

“किती फरक? तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. बस खाली. आणि उद्यापासून वेळेवर ये.”

पण चारू बसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं ते पत्र आलं. दीड अधिक सहा, साडेसात. मधुकाकानं ती बेरीज नैरोबीच्या घड्याळावर केली. आणि अंगणात बसलेल्या सगळ्यांनी ती कुंडलच्या घड्याळावर ऐकली. तिनं स्वतःसुद्धा! सूर्य एकच, मग घड्याळंही एकच असणार, असं धरून चाललो सगळे.

“बाई,” ती म्हणाली, “रविवारी हा गोल घरी न्यायला द्याल?”

“शाळेचा गोल घरी? मुळीच नाही.”

“एका बाईचा संसार आहे ह्याच्यावर.”

शरयूबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग बॅटरी विझवली. “फुटला तर पृथ्वी तुझ्या माथी,” एवढंच म्हणाल्या.

६

तेराव्याची पंगत उठली. बनाकाकीचा भाऊ जतहून आला होता, दोन घास खाऊन पुढं सरकून बसला होता. बनाकाकीचं गाठोडं दाराशी. चारची एस.टी. होती.

चारूनं माजघरात गोल आणून ठेवला. तिथं भर दुपारीही अंधार असायचा. अंबूआजीच्या जागेवर ठेवलेली समई तेवढी जळत होती.

“आता ही काय थेरं?” सुलाबाई म्हणाल्या.

“बोलू द्या तिला,” आजोबा म्हणाले.

चारूनं दोन्ही हात गोलावर ठेवले. तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो रेडिओवरच्या बातम्यांचा. “समई म्हणजे सूर्य. हे कुंडल. हे नैरोबी, मधुकाका होते ते.” तिनं गोल हळूहळू फिरवला. उजेड हिंदुस्थानावर चढला. आफ्रिका अजून काळोखात होती. “बघा. आपल्याकडं दिवस अडीच तास आधी उगवतो. मधुकाका, विमानात तुम्ही घड्याळ पुढं केलंत?”

“न्हाई,” मधुकाका म्हणाला. “बोटीनं गेलो तवा बोटीवरची मानसं रोज अर्धा तास मागं करायला सांगायची. इमानात काय सांगितलं असंल तर इंग्रजीत. आन् मी शुद्धीवर कुठं हुतो?”

“म्हणजे तुमच्या घड्याळात साडेसात, तेव्हा मुंबईच्या घड्याळात दहा. म्हणून डांबर तापलेलं होतं.” ती वळली. “आकारामकाका, तुम्ही विमान उतरताना बघितलंत, ते कधी?”

आकाराम भिंतीला टेकून बसला होता. “साडेसातला. सांगितलं की.”

“ऊन?”

“नुकतं निघालेलं.” आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. ओठ नुसते हलत राहिले.

“साडेसातला मुंबईत ते विमान नव्हतंच, काका. ते समुद्रावर होतं. अजून अडीच बोटं लांब.” तिनं गोलावर बोटं ठेवून दाखवली. “जो तिथं उभा होता तो दहा म्हणाला असता. साडेसात फक्त तोच म्हणेल, ज्यानं ते विमानतळावर नाही, तर पत्रात ऐकलं. ह्या अंगणात.”

तिनं गोल थांबवला.

“आणि तात्याबानं भूत बघितलं नाही. डावा खांदा खाली टाकून चालणारे ह्या घरात दोघं आहेत. दोघांना चालायला अंबूआजीनंच शिकवलं.”

मधुकाका उठला. सुलाबाईंनी पदर तोंडात धरला. आजोबांची काठी आडवी झाली, पण तिची गरज पडली नाही. आकारामनं स्वतःच कनवटीला हात घातला. पुतळ्या खुळखुळल्या. फाशाला लाल धागा तसाच गुंडाळलेला होता.

“मी चोराय आलो नव्हतो,” तो म्हणाला. आवाज विहिरीतनं आल्यासारखा. “टेसनावर गेलो. गाडी आली. पाय उचलला न्हाई. म्हनलं, मी कशापायी आनू त्याला? चार वरसं तिची लुगडी मी धुतली, दवा मी आनला, पाणी मी शेंदलं. आन् इमान वाजलं की तिचा हात वर. रातभर मोटंच्या खोपीत पडून ऱ्हायलो. सकाळी जीव राहवंना म्हणून बघाय आलो. ती डोळं उघडून बघत हुती. मोतीबिंदूचं डोळं, काय दिसणार? मला बघून वराडली, ‘मधू रं!’ मग हळूच म्हणाली, ‘आलास व्हय बाळा? ही घे. बनीच्या गळ्यात घाल.’ आन् सोताच्या हातानं काढून माझ्या हातात दिली.”

त्यानं पुतळ्या मुठीत आवळल्या.

“मी म्हनलं, व्हय आई, आलो. जन्मात पहिल्यांदा तिला आई म्हनलं. हसली. आन् गेली. मग तुमी आलाव म्हणून पळालो. एकदा नेल्यावर काय सांगायचं? बनीचं नाव घेतलं लोकांनी तवा बोलाय पायजे हुतं. बोललो न्हाई. तवापास्नं रोज सकाळी कानात तीच हाक येती. मधू रं, आलास व्हय. आन् मी मधू न्हाई गं आई, मी मधू न्हाई.”

त्यानं माळ पुढं केली. हात पुढं, तळवा उघडा. चारूनं तो हात आधी बघितला होता.

७

मधुकाकानं आकारामला मारलं नाही. त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, “शेवटी तिच्याजवळ कुनीतरी हुतं म्हणायचं.” त्यानं माळ घेतली आणि दाराशी गेला. गाठोड्यापाशी बसलेल्या बनाकाकीनं मान वर केली नाही.

“तू इचारलं न्हाईस मला,” ती म्हणाली. “तेरा दिस. एकदा पन न्हाई, की बने, तू घेतलीस का.”

“चुकलो.”

“आफ्रिकेत पन असंच गप बसनार?”

सुलाबाईंना एवढ्या सगळ्यातही फिस्सकन हसू आलं. मधुकाकानं माळ बनाकाकीच्या गळ्यात घातली. फासा अडकवताना त्याची पाक ओळखणारी बोटं लाल धाग्यावर थांबली. बनाकाकीचा भाऊ उठला आणि गाठोडं आत नेऊन ठेवलं. चारची एस.टी. रिकामीच गेली.

चारू गोल उचलायला वाकली. आता पृथ्वी सुखरूप शाळेत पोचवायची होती.

“चारू,” मधुकाका मागनं म्हणाला. “त्या गोलावर एक हिशेब करून सांगशील?”

“सांगा.”

“सातला दहा कमी. माझ्या घड्याळात. म्हंजे हितं किती?”

चारूनं बोटं मोजली. सहा पन्नास. त्यात दोन तास, आठ पन्नास. त्यात अर्धा तास. तिचं बोट मध्येच थांबलं. तिनं परत पहिल्यापासून मोजलं. मग आजोबांकडं बघितलं. आजोबांनी आधीच मोजलं होतं. त्यांचं बोट स्वतःच्या घड्याळाच्या काचेवर होतं.

“नऊ वीस,” चारू म्हणाली.

मधुकाकानं मनगट वर आणलं. घड्याळाची किल्ली ओढली आणि काटे पुढं फिरवायला लागला, सावकाश. माजघरात तेवढाच बारीक आवाज.

विमानाला सहा तास लागतात. बोटाला एक तास. चारूनं स्वतः मोजलं होतं, धागा ताणून. पण मंगळवारी सकाळी ह्या अंथरुणापासून समुद्रावरच्या आभाळापर्यंत त्या हाकेला किती वेळ लागला, ते गोलावर कुठं लिहिलेलं नव्हतं. तिनं गोल छातीशी धरला. मागचं दार वीतभर उघडं होतं. वारा नव्हता. तिनं ते लावून घेतलं नाही.